मोरा बंदरावरचा माणूस

सुलभाताई परवा गेल्या. आणि माझे बाबा कसे दिसायचे, ते मला आता सांगता येत नाही.

या दोन वाक्यांचा संबंध आहे. जमेल तसा लिहिते.

ताईंना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. कथा लिहायच्या, पण त्यांच्या पुस्तकांपेक्षा त्याच जास्त फिरल्या. महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, गणपतीतला सोसायटीचा कार्यक्रम. स्वतःच फोन करायच्या. "मी लेखिका आहे. तुमच्याकडे येऊन आठवणी लिहायला शिकवीन. माइक नसला तरी चालेल, माझा आवाज मोठा आहे."

आमच्या करंजाड्यातल्या सोसायटीत त्या अशाच आल्या.

त्यांची पद्धत वेगळी होती. जोड्या लावायच्या. एकीने आपली एक आठवण सांगायची. दुसरीने ती "मी" म्हणून लिहायची आणि सगळ्यांसमोर वाचायची.

जिची आठवण, तिने मध्ये बोलायचं नाही. चूक दिसली तरी नाही.

आपलंच आपण लिहायला बसलं की लाज आडवी येते, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी जोड्या लागल्या आणि मी एकटी उरले. ताई म्हणाल्या, चल, मला सांग.

मी सांगितलं. आम्ही उरणला राहायचो, मी सहा वर्षांची. मुंबईला जायचं होतं. बाबांनी मला मोरा बंदरात लाँचमध्ये बसवलं आणि शेंगदाणे आणायला परत वर गेले. तेवढ्यात लाँच सुटली.

बाबा धक्क्यावर उभे. ओरडले नाहीत, धावले नाहीत.

नुसते माझ्याकडे बघत राहिले. लाँच लांब जाईपर्यंत.

पलीकडे उतरल्यावर एका बाईंनी मला धरून ठेवलं. मागच्या लाँचने बाबा आले. पुढच्याच वर्षी ते वारले.

त्यांची माझ्याकडे एवढीच आठवण. बाकी अल्बममधला एक फोटो.

ताईंनी सुंदर लिहिलं. वाचताना त्यांचाच आवाज कापला, हॉलमध्ये बायकांनी डोळे पुसले. त्यांनी बाबांना पांढरा शर्ट दिला होता. मला रंग आठवत नव्हता. पण मध्ये बोलायचं नव्हतं.

पुढे प्रत्येक कार्यशाळेत नमुना म्हणून ताई तेच वाचायच्या. मग कागद सुटला, नुसतं सांगायला लागल्या. "मी सहा वर्षांची होते..." ही आठवण मुळात कोणाची, हे सांगणंही हळूहळू राहून गेलं.

मी बऱ्याच ठिकाणी सोबत असायचे. मला राग यायला हवा होता का? अजून ठरवता येत नाही. मला उलट ऐकावंसं वाटायचं. दर वेळी बाबा थोडे अधिक स्पष्ट दिसायचे. आधी शर्टाची दुमडलेली बाही. मग मनगटावरचं घड्याळ.

मग मिशी.

उरणजवळच्या एका गावात कार्यक्रम संपल्यावर एक आजी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "बापूस तिचा हाय, नि रडतेस तू कशाला?"

मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन अल्बम काढला.

फोटोतल्या बाबांना मिशी नाही.

डोळे मिटले. धक्क्यावरच्या माणसाला होती.

आईला विचारलं, बाबांनी कधी मिशी ठेवली होती का. "छे, कधीच नाही. का गं?"

आणि मिशीचं तर ताई कधी बोललेल्याच नव्हत्या. निदान मला तसं आठवत नाही. पण आता माझ्या आठवण्यावर मी तरी किती विश्वास ठेवू?

मी रोज डायरी लिहिते. त्या रात्री हे लिहायचं धाडस झालं नाही. ताईंनाही कधी विचारलं नाही.

काल पहिल्यांदाच त्यांच्या नेरूळच्या घरी गेले. त्यांच्या थोरल्या बहीण, विमलताई, खुर्चीत बसल्या होत्या. मागे भिंतीवर जुना फोटो.

पांढरा शर्ट. दुमडलेली बाही. मिशी.

मी त्या माणसाला ओळखलं. दुसरा शब्द नाही त्याला.

"आमचे बाबा," विमलताई म्हणाल्या. सुलू दोन वर्षांची असताना ते घर सोडून गेले, परत आलेच नाहीत. तिला त्यांचं काही म्हणजे काही आठवायचं नाही. मग काही वर्षांपूर्वी एकदा तिचा फोन आला. "अक्का, मला बाबा आठवले!" लहान पोरीसारखी हसत होती म्हणे.

"आम्ही साताऱ्याकडचे. कुठलं बंदर आणि कुठली लाँच? पण मी तिला काही बोलले नाही. तू तिच्याबरोबर असायचीस. हे कुठून आलं गं तिच्याकडे?"

मी खरं ते सांगितलं. ती आठवण माझी आहे.

त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मग तुझे बाबा कसे होते दिसायला?"

मी तोंड उघडलं. मला जो चेहरा दिसत होता, तो त्यांच्या मागे भिंतीवर होता.

त्या वळून फोटोकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला सांगशील? आमचे बाबा म्हणूनच सांग. मला ते फक्त पाठमोरे आठवतात."

नाही म्हणता आलं असतं. ती आठवण आणखी एकदा दिली, तीही अशी मुद्दाम, तर माझ्याकडे काय उरेल, हा विचार मनात आला. तो आला याची लाजही वाटली.

सांगितलं. तुमचे बाबा धक्क्यावर उभे होते. ओरडले नाहीत, धावले नाहीत.

त्यांनी माझं मनगट धरलं. "बघत होते?"

"हो. लाँच लांब जाईपर्यंत."

आज सकाळपासून मी परत परत डोळे मिटून बघतेय. मोरा बंदर आहे. चिखल आहे, डिझेलचा वास आहे, लाँच हलतेय.

धक्क्यावर कोणी नाही.

सुलभाताई, मनापासून निरोप.

तिकडे कोणी उभं दिसलं, तर माझंही नाव सांगा.