पाचवी पुंगळी

नवं पिस्तूल चालवायच्या पहिल्याच दिवशी माझ्या हातून माणूस गेला असता. तोही परका नाही, माझी बॅचमेट. एकाच वर्षी आम्ही दोघी पोलिसात लागलो, ती लोधिवलीची, मी भिसेगावची.

दोन दिवस जत्रेच्या बंदोबस्ताला उभं राहून पाय सुजलेले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फायरिंग. खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याला मैदान आहे, तिथं. उस्ताद नव्या पिस्तुलाचे भाग समजावत होते आणि मी उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. शेवटची गोळी सुटली की याचा वरचा भाग मागे अडकून उघडाच राहतो, मिटलेला दिसला तर आत अजून गोळी आहे, हे तेव्हाच सांगून झालं होतं. मी मेलीनं ऐकलंच नाही.

हातात घेतलं तेव्हा वाटलं, अगं बाई, हे तर खेळण्यासारखं हलकं! आमचं जुनं रिव्हॉल्वर वरवंट्यासारखं जड, पण सरळ. गोळी उडाल्यावरच्या रिकाम्या पुंगळ्या पोटातच ठेवायचं. उघडलं की किती उडाल्या ते दिसायचं. याचा वरचा भाग मागे ओढताना माझी बोटं दोनदा सटकली.

"जोर लाव गं, सकाळी जेवली नाय का?" शेजारच्या टेबलावरून तीच मैत्रीण, लोधिवलीची.

चाप मात्र इतका हलका, की पहिली गोळी मी मारण्याआधीच सुटली. खरं सांगते, मला ते पिस्तूल आवडलं नाही. या वयात नवीन काही शिकायचाच कंटाळा आला होता.

प्रत्येकीला पाच गोळ्या. हे पिस्तूल रिकाम्या पुंगळ्या बाहेर भिरकावतं, आणि त्यातली एक तापलेली थेट माझ्या कॉलरमध्ये शिरली. आई गं! शर्ट झटकून ती खाली पाडेपर्यंत किती मारल्या ते विसरले. मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायचा खोका, काढून पाहिलं, रिकामं. पलीकडे कुणाचं तरी पिस्तूल अडकलं होतं, उस्ताद तिकडे धावत होते. जाता जाता त्यांनी हिंदीत विचारलं, "खाली?" म्हणजे रिकामं का.

"खाली," म्हटलं आणि ठेवलं टेबलावर.

आमच्यात जितक्या गोळ्या घेतल्या तितक्या पुंगळ्या परत द्याव्या लागतात. एक जरी कमी भरली तरी कुणी घरी जात नाही. माझ्या चारच भरल्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"तू बस, पाय बघ कसं झालंत," असं म्हणून मैत्रीण माझ्या टेबलापुढच्या वाळक्या गवतात गुडघ्यांवर बसली. "सापडंल गं, जातीय कुठं?"

मी बसले. कुणीतरी आपलं काम करतंय, याचं फार बरं वाटलं. ती कुसळं बाजूला करत पुढे सरकत होती आणि मी नुसती बघत होते. मग सहज नजर टेबलांवर गेली. बाकीची सगळी पिस्तुलं वरून उघडी. माझं मिटलेलं, आणि त्याचं तोंड तिच्या पाठीकडे.

हात लावायची हिंमत होईना. "बाजूला हो! आधी बाजूला हो!" एवढंच ओरडले. उस्तादांनी येऊन वरचा भाग मागे ओढला, तशी नळीत राहिलेली पाचवी गोळी अख्खी टेबलावर पडली. मग सगळ्यांदेखत त्यांनी माझी जी काढली, ती कमीच होती. रिपोर्टही लिहिला.

परतीच्या गाडीत मी तिचा हात धरून रडले. माफी मागितली. "जाऊ दे गं, व्हतं असं," म्हणाली, पाठीवर थोपटलंसुद्धा. लोधिवलीच्या फाट्यावर उतरताना थांबली.

"पुढल्या फायरिंगला," ती म्हणाली, "तू माझ्या शेजारी उभी राहू नको."

रागानं नाही, अगदी दमलेल्या आवाजात. मी बरं म्हटलं.