दाजींच्या पोटातली जाळी

दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार. रक्कम एक लाख पंच्याऐंशी हजार, तीही फक्त जाळीची, ऑपरेशन वेगळं. नगरच्या एका दवाखान्यात डॉक्टर, ताई, दाजी आणि मी असे चौघे हजर होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजूरजवळ त्यांची भातशेती. त्याआधी तीन वर्षं ताईनं त्यांना आपली एक किडनी दिली होती. तेव्हापासून मी तब्येत विचारली की ते ओटीपोटावर उजवीकडे हात ठेवून म्हणत, "तुमच्या घरची लेक दोनदा नांदायला आलीय, मेव्हणं. एकदा दारातनं, एकदा पोटातनं." त्या किडनीसाठीची गोळी सकाळी नऊ आणि रात्री नऊला. पाच मिनिटंही कधी चुकली नाही.

किडनी बसवतानाच्या टाक्यांच्या जागी पुढे हर्निया झाला. खोकले की नारळाएवढा फुगवटा यायचा. भातखाचरात चिखलणीला उतरणं बंद झालं. डॉक्टरांनी नीट समजावलं. किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांनी अंगाची प्रतिकारशक्ती कमी होते. त्यात ही जखम आधी एकदा चिघळलेली. फुगवटा आत धरून ठेवायला प्लास्टिकची जाळी बसवली आणि पू झाला, तर ती काढावी लागेल, शेजारच्या किडनीलाही धोका. त्यापेक्षा जनावराच्या कातडीपासून बनवलेली जाळी बरी.

"कोनत्या जनावराच्या?" दाजींनी विचारलं.

"डुकराच्या."

दाजी माळकरी. खुर्चीतून उठलेच. "जल्मभर भातातनं ज्याला डबं वाजवून हाकाललं, त्याला आता पोटात घेऊ? आन् त्येबी हिच्या किडनीला खेटून?"

पैशांची तयारी मी करून गेलो होतो. या प्रश्नाची नव्हती.

ताई म्हणाली, "तुमाला इचारतंय कोन? किडनी माजी हाय. तिला राखनदार कोन ठिवायचा ते मी ठरवीन. करा सही."

दाजी फुगवटा हातानं दाबून धरून हसले आणि सही केली. पुढे गावभर सांगत फिरायचे, "लेकीच्या दाराशी डुक्कर बांधलंय. लई इमानी हाय."

त्यानंतर दोन पावसाळे त्यांनी स्वतः भात लावलं. तिसऱ्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि आठव्या दिवशी ते गेले. शेवटच्या रिपोर्टात क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन होतं. किडनी चांगली होती. तो कागद मी जपून ठेवला आहे, कशासाठी ते मला सांगता येणार नाही. सकाळी नऊला, गोळीच्या वेळी, अजून हात मोबाईलकडे जातो. "घेतली, मेव्हणं," एवढंच बोलून ते फोन ठेवायचे.

दहनानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडायला निघालो, तर ताईही चपला घालून अंगणात उभी. भावकीतले आबा म्हणाले, "बाया न्हाई येत सावडायला, सूनबाई."

ताईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्या राखंत माजं बी हाय, आबा. माजं मला सावडू द्या."