आबाजी, उद्यापासून पायी जाऊ

मुलगा भल्या सकाळी कळमेश्वरच्या कारखान्यात जायला निघतो, सुनेचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे मी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर नातीला शाळेत सोडायचं काम कुणी न सांगताच माझ्याकडे आलं. शाळा आमच्या मनीषनगरातच आहे. मी तिला माझ्या स्कूटरवरून न्यायचो. ती मागे बसायची, दोन्ही हातांनी माझं स्वेटर घट्ट धरून. तिला माझा लळा आहे म्हणून इतकं घट्ट धरते, असं मी समजत होतो.

नात सहा वर्षांची. जे दिसतं ते बोलते आणि समोरच्याला काय वाटलं हे बघायला थांबत नाही. एकदा माझ्या मांडीवर बसून तिनं माझ्या गळ्याची कातडी चिमटीत धरली, ओढली, सोडली. ती परत जागेवर यायला वेळ लागतो हे बघून तिनं विचारलं, "आबाजी, ही ढिली काहून झाली?" मी म्हटलं, वापरून वापरून. ते तिला पटलं. मग तिनं स्वतःचा गळा ओढून पाहिला आणि आपला अजून नवीन आहे असं मला सांगितलं.

या सगळ्यावर सर्वांत जास्त हसायची माझी बायको. तिच्यावर वेळ येईपर्यंत. एका रविवारी दुपारी सावनेरहून तिचा भाऊ आणि भावजय न सांगता आले. बायको आतल्या खोलीत पडली होती. भावानं विचारलं, ताई कुठं आहे? नातीनं दारातूनच सांगितलं की आजी झोपली आहे, तिचे दात वाटीत ठेवले आहेत, आणि दात नसले की ती वेगळीच कुणीतरी दिसते. आत बायको जागी झाली होती. ती ओठ मिटून बाहेर आली, मानेनंच या-बसा केलं आणि थेट स्वयंपाकघरात गेली. दातांची वाटी तिच्यामागून सुनेनं पदराआड नेऊन दिली. त्या दिवसापासून बायकोचं हसणं जरा कमी झालं.

माझ्या गाडीबद्दल घरात कुणी काही बोलत नव्हतं. म्हणजे बोलत होते, पण आडून. मुलगा म्हणाला, आजकाल शाळेच्या व्हॅन चांगल्या असतात. सून म्हणाली, मी थोडी लवकर निघाले तर मलाच सोडता येईल. बायकोनं कधी थंडीचं कारण काढलं, कधी उन्हाचं. मी प्रत्येकाला नीट उत्तर देऊन गप्प केलं होतं. अठ्ठावीस-तीस वर्षं या शहरात गाडी चालवली होती. ऑफिसला गेलो, बायकोला बर्डीच्या बाजारात खरेदीला नेलं, मुलगा तापानं फणफणला असताना त्याला पोटाशी बांधून डॉक्टरकडे नेलं. मला कोण गाडी शिकवणार?

मग एका रात्री जेवताना नात म्हणाली, "आबाजी, उद्यापासून पायी जाऊ."

मी विचारलं, काहून?

"मले तुमच्या गाडीवर भेव लागते."

मुलाचा घास हातातच राहिला. सून ताटात बघू लागली. मी हसून विचारलं की कशाचं भेव लागतं बाई तुले. ती वरणभात कालवता कालवता सांगू लागली. वळताना तुम्ही दोन्ही पाय खाली सोडता. बाजूनं ट्रक गेला की गाडी हालते. तुमचे हात कापतात. मी मग डोळे मिटून घेते आणि शाळा आली की उघडते.

"तुम्ही म्हातारे झाले न, म्हणून," ती म्हणाली. दूध संपलं आहे हे ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात. मग तिनं आईकडे पापड मागितला.

मी जेवण उरकलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं बायको आली. ती कठड्याला टेकली. मग म्हणाली, "आमी वरीसभरापासून सांगाचं म्हणून राहिलो. कोणाची हिंमतच नाही झाली."

मला नातीच्या बोलण्यापेक्षा हेच जास्त लागलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी गाडी काढली की ही सगळी माणसं खिडकीतून बघत असणार, आणि मी परत येईपर्यंत घरात कुणाचं कामात लक्ष लागत नसणार.

तरीही माझा विश्वास बसेना. दुसरा दिवस रविवार होता, शाळेला सुट्टी, हे नातीच्या ध्यानात नव्हतं. मी सकाळी गाडी घेऊन वस्तीमागच्या मोकळ्या मैदानात गेलो. तिथं कुणी नव्हतं. सरळ नीट गेलो आणि म्हटलं, पोरीचं काय ऐकता. मग वळण घेतलं. वळता वळता खाली बघितलं तर माझे दोन्ही पाय जमिनीवरून घासत चालले होते. मी ते सोडले नव्हते. ते आपले आपणच खाली आले होते. पुन्हा वळलो, मुद्दाम पाय वर धरून, तर गाडी अशी डुलली की मी घाईनं पाय टेकवले. मैदानाच्या कडेला एक कुत्रं उन्हात झोपलं होतं. ते उठलं आणि माझ्याकडे बघत दूर जाऊन झोपलं.

मी गाडी थांबवून बराच वेळ तिच्यावर तसाच बसून राहिलो. वाईट तर वाटत होतंच. पण ती पोर इतके दिवस डोळे मिटून माझ्या मागे बसत होती, आणि तरी रोज बसत होती, याचं मला जास्त वाटलं.

सोमवारी मी बूट घातले आणि तिचं दप्तर खांद्याला लावलं. गाडीच्या किल्लीकडे मी हात नेला नाही हे सगळ्यांनी पाहिलं. नातीनं मात्र शाबासकी दिली.

पायी जायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमची दोघांची चाल सारखीच आहे. मला गुडघ्यांमुळे थांबावं लागतं आणि तिला मांजराच्या पिल्लामुळे, रस्त्यात पडलेल्या चकचकीत कागदामुळे, कुणाच्या तरी फाटकावरच्या फुलांमुळे. एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही. चालता चालता ती विचारायची ते प्रश्न घरात विचारले असते तर सुनेनं तिला दटावलं असतं.

"तुम्ही मेल्यावर मले शाळेत कोण सोडन?" एके दिवशी तिनं विचारलं.

मी सांगितलं की तोवर तू मोठी होशील, एकटीच जाशील. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग ठीक आहे," म्हणाली, आणि आम्ही पुढे निघालो. मलाही ते एकदम ठीक वाटलं.

गाडी मी बायकोच्या सावनेरच्या भाच्याला दिली. त्याला शेतावर जायला-यायला कामाची होती. तो न्यायला आला त्या दिवशी मी ती सकाळीच पुसून ठेवली होती. तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत नात हात हलवत होती. मग तिनं माझ्याकडे वर बघून विचारलं, वाईट वाटून राहिलं का? मी हो म्हटलं. रडा मंग, ती म्हणाली. मला काही रडू आलं नाही. दारात उभ्या बायकोनं मात्र डोळ्याला पदर लावला.

आमच्या रस्त्यात एक चौक लागतो, तिथं सकाळी गाड्यांची फार गर्दी असते. मी कडेला उभा राहून वाट बघत बसतो. नातीला ते पसंत नाही. मागच्या आठवड्यात तिनं माझा हात धरला, दुसरा हात वर केला आणि सरळ रस्त्यात उतरली. येणाऱ्या गाडीवाल्यांना ती मोठ्यानं सांगत होती, "थांबा. माझे आबाजी म्हातारे आहेत. त्यांच्यानं पळणं होत नाही." गाड्या थांबल्या. कुणी हसलं, कुणी मानेनं जा म्हणालं. मला कुठं बघावं कळेना.

सगळ्यात पुढे एक माझ्यासारखाच गृहस्थ स्कूटरवर होता. कानटोपी, मफलर, पाय दोन्हीकडून जमिनीला लागलेले. नात त्याच्यासमोर थांबली. त्याच्या पायांकडे तिनं बघितलं आणि मला कळलं की आता काय होणार. मी तिचा हात ओढला, पण उशीर झाला होता.

"तुम्ही पण म्हातारे झाले. गाडी नका चालवू."

त्या माणसानं आपल्या पायांकडे बघितलं. मग त्यानं गाडी कडेला घेतली, बंद केली आणि पोट धरून हसत सुटला. आम्ही रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेलो. मी माफी मागायला लागलो तर तो म्हणाला, "माफी कायची गा. माह्या सुनेनं पाठवली का इले?" त्याच्याही घरी वर्षभर थंडीची आणि उन्हाची कारणं चालली होती.

बोलता बोलता त्यानं नातीला विचारलं की आम्हा दोघांत जास्त म्हातारा कोण? तिनं हे काम मन लावून केलं. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्याला मफलर काढायला लावून त्याचा गळा बघितला.

"तुम्ही," ती त्याला म्हणाली.

तिला शाळेत सोडून मी परत आलो तेव्हा तो चहाच्या टपरीवर माझी वाट बघत बसला होता. आम्ही चहा घेतला. तोही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, गावाकडे थोडी शेती असलेला. माझ्याहून चार वर्षांनी लहान निघाला. मी हे घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि संध्याकाळी मुलगा आल्यावर त्यालाही सांगितलं. नातीला मात्र अजून सांगितलेलं नाही.