घाटातली म्हातारी

रविवारी दुपारी आम्ही चौघे वाकोल्यात मित्राच्या घरी खेळायला जमायचो. मित्र, गोरेगावची एक मैत्रीण, अंधेरीचा एकजण आणि मी. खेळ टेबलावरचा. मित्र गोष्ट सांगायचा. दरोडेखोर, गावकरी, सगळे त्याच्या तोंडून बोलायचे. आम्ही तिघे भाडोत्री लढवय्ये. कोणी काम दिलं की करायचं, अडलं की फासा टाकायचा. मी वर्तमानपत्रात असल्यामुळे नोंदीची वही माझ्याकडे होती. नियमही मीच आणलेला: तोंडातून गेलं ते झालं. मैत्रिणीने एकदा घाईत स्वतःच्याच घोड्यावर बाण सोडला. तिने कितीही गयावया केली तरी मी घोडा परत दिला नाही.

स्वयंपाकघरात मित्राची आई असायची. मालवणकडची. चहा घेऊन आली की विचारायची, "आज किती मेले रे?" आकडा ऐकून म्हणायची, "बरां. भजी खावा."

उन्हाळ्यात ती वारली. तीन महिने खेळ बंद होता. पुन्हा बसूया, असं मित्रच म्हणाला.

त्या रविवारी काम मिळालं ते एका म्हातारीचं. तिला घाटापलीकडे माहेरी पोचवायचं होतं. आम्ही शब्द दिला. मित्र तिचं बोलणं बोलत होता. मी मान खाली घालून लिहीत होतो. सवयीने मजकूर तेवढा घेत होतो, आवाज नाही. घाटात दरोडेखोरांनी वाट अडवली. म्हातारी द्या, तुम्ही जा.

"वाट लागली," मैत्रीण म्हणाली. "लढूया ना?"

"तिघांत मिळून दोन बाण आहेत," मी म्हणालो. "देऊन टाका म्हातारीला."

मित्राने फासा मुठीत धरला. "नक्की?"

"बोललो ना. झालं."

"झिला," तो तिच्या आवाजात म्हणाला, "माका हयसर सोडून जाव नको रे."

तेव्हा मी मान वर केली. 'भजी खावा' म्हणणारा तोच आवाज होता. मैत्रीण माझ्याकडे पाहत होती. अंधेरीचा टेबलाकडे. मित्र थांबला होता. नियम माझा होता, 'थांब' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग कोणीतरी घोड्याची गोष्ट काढली असती. मी गप्प बसलो त्याचं कारण तेवढंच होतं.

मग त्यालाच सांगावं लागलं. तिला कसं ओढत नेलं, कशाने मारलं, किती वेळ लागला. त्याने काही वगळलं नाही. आवाजही चढला नाही. संपल्यावर त्याने फासे डब्यात भरले, चहा टाकतो म्हणाला आणि आत गेला. बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. आम्ही चपला घालून निघालो.

त्यानंतर खेळ झाला नाही. मी दोनदा फोन केला. "बघू रे," म्हणाला. तिसऱ्यांदा केला नाही.

वही माझ्याकडेच आहे. शेवटची नोंद: म्हातारी दिली. घाट पार. खाडाखोड नाही.