अडकलेलं कोपर सरळ झालं

हे आत्ताच सांगायला पाहिजे, कारण आज माझा उजवा हात पूर्ण सरळ झाला. चाकणला कंपनीत शिफ्ट आणि सुट्टीला कबड्डी, यात वर्षभर माझं कोपर मध्येच अडकायचं. मी तालमीतल्या वस्तादांकडून चोळून घ्यायचो, मग ते आणखीच सुजायचं. शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करून आतले हाडाचे सुटे तुकडे काढले. तरी पुन्हा खेळता येईल का, ही धास्ती होतीच. आज फिजिओ मॅडमनी हात हळूच ताणला आणि तो गेला की सरळ. लगेच वस्तादांना फोन लावला, तर म्हणाले, "म्हंजी मी वर्षभर खडे चोळत होतो व्हय रं?" मॅडम म्हणतात, दोन महिन्यांनी खेळ. कसलं हलकं वाटतंय राव. तुम्हीपण असं दुखणं नुसतं चोळत बसला होता का?