लिंबाखालची शब्बाथशाळा

आमच्याकडून पाहुणे निघाले, चपला घालायला वाकले, की नेमका मला आणखी एक किस्सा आठवतो. मग ते उंबऱ्यात, मी दारात, आणि चहा पुन्हा चुलीवर! आज तुम्ही बसलेलेच आहात, तर ऐकाच.

सन तीसच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकती सोलापूरला आले होते. आमच्या ख्रिस्ती देवळामागे एक लिंब होता. त्याखाली दर रविवारी उपासनेआधी मी लहान मुलांची शब्बाथशाळा घेई. गिरणी कामगारांची, विणकरांची मुलं. निम्मी ख्रिस्ती, निम्मी शेजारपाजारची. ती रंगीत चित्रांच्या कार्डासाठी येत. मला शिकवायचं होतं खरं बोलणं आणि देणं. वय अठरा. वाटलं, दोन रविवारांत होईल!

* * *

पहिल्याच रविवारी विचारलं, "आठवडाभरात कोण कोण खोटं बोललं नाही?"

झाडून सगळे हात वर! एकट्या यमुनेचा खाली. मी तिला पुढे बोलावलं, शाबासकी दिली, दोन कार्डं दिली.

पुढच्या रविवारी तोच प्रश्न. आता एकही हात वर नाही. फक्त यमुनेचा!

"काय गं, आज कसा काय?"

"बाई, ह्या आठवड्यात खरंच न्हाय बोलले. घसा बसलावता की!"

* * *

आमच्या मिशनच्या गोऱ्या मडमसाहेब मनानं फार चांगल्या. मराठी शिकायची त्यांना हौस, पण बोलू लागल्या की ऐकणाऱ्याला घाम फुटे. एकदा त्यांनी वर्गाला अर्धा तास गोष्ट सांगितली आणि विचारलं, "खरं सांगायचं, माझी मराठी कशी आहे?"

मी लिंबाच्या शेंड्याकडे बघू लागले. सात वर्षांचा दानिएल उठला.

"मडमसाहेब, तुमचं मराठी लई ब्येस हाय. फकस्त आमाला इंग्रजी येत न्हाय, म्हणून समजत न्हाय!"

मडमसाहेब इतक्या हसल्या की डोक्यावरची हॅट खाली पडली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिकवायला पंतोजी लावला.

* * *

एकदा धडा घेतला, ज्याच्याकडे दोन वस्त्रं असतील त्यानं एक द्यावं. वर्गात नरसम्मा होती, तेलुगू विणकराची आठ वर्षांची मुलगी. तिच्या घरी दोन कसली, लुगड्यांचा ढीग! तिनं त्यातलं एक उचललं आणि विहिरीजवळ राहणाऱ्या एका म्हातारीला देऊन टाकलं.

सोमवारी तिचा बाप माझ्या दारात. लुगडं व्यापाऱ्याचं होतं. बिचारा ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, "बाई, द्यायला शिकवता, चांगलं हाय. कुणाचं द्यायचं, ते पण शिकवा की!"

मी शरमेनं लाल. दोघं म्हातारीकडे गेलो. तिनं लुगड्याची घडीदेखील मोडली नव्हती. "एवढं भारी पोरीनं दिलं, तवाच म्हणलं, ह्ये घरचं न्हाय," असं म्हणत तिनं ते परत केलं. तिच्या अंगावर धड चिंधी नव्हती. बापानं तिच्याकडे एकदा नीट बघितलं, घडी काखेला मारली आणि गेला.

पंधरा दिवसांनी म्हातारी दिसली ती नव्या लुगड्यात. जाडंभरडं, उरलेल्या सुताचं, काठ तीन रंगांचा!

* * *

आता माझं स्वतःचं. एका रविवारी मैत्रिणीशी गप्पा मारण्यात मला उशीर झाला. मुलांना सांगितलं, "डोकं दुखत होतं."

मुलांनी डोळे मिटून माझ्या डोक्यासाठी प्रार्थना केली! यमुना धावत घरी जाऊन आजीकडून सुंठीचा लेप घेऊन आली आणि तिनं तो माझ्या कपाळावर थापला. तासभर कपाळाची आग आग. पण खरं सांगायची छाती होईना.

पुढच्या रविवारी कबूल केलं. यमुना शांतपणे म्हणाली, "ठाव हाय बाई. तुमी खिडकीत हसत हुब्या होत्या, आमी बगितलं. आजीच म्हणली, लेप जरा जाड लाव!"

* * *

त्या साली गिरणी बंद पडली होती. तरी उपकारस्तुतीचा सण आला. त्या दिवशी लोक पिकातलं, घरातलं काहीबाही आणून देवापुढे ठेवतात. मी मुलांना म्हटलं होतं, "घरात सगळ्यात आवडतं असेल, ते आणा."

ज्वारीची कणसं आली, अंडी आली, भोपळा आला. सहा वर्षांची एस्तेर गोधडीचं गाठोडं घेऊन आली, ते भोपळ्याशेजारी ठेवून जागेवर जाऊन बसली. गीत सुरू झालं आणि भोपळ्याशेजारून रडणं ऐकू आलं!

तिचा पाच महिन्यांचा भाऊ.

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी त्याला उचललं. "एस्तेर, खरं सांग. हा फार रडतो, म्हणून आणलास?"

"न्हाय जी. आवडतं ते आणा म्हणल्या बाई. आमच्या घरात ह्योच हाय."

एवढ्यात तिची आई धापा टाकत आली. पाळकसाहेब बाळ तिच्या हातात देऊ लागले, तर एस्तेर आडवी! "आसं कसं? दिलंय की!"

पाळकसाहेब म्हणाले, "देवानं घेतला बरं, पोरी. आता देव म्हणतो, माझ्यासाठी तूच सांभाळ."

एस्तेरनं विचार केला. "मग ह्याला दूद कोण घालणार? आईला दूदच येत न्हाय. देव घालणार?"

आईनं पदर तोंडात धरला.

पाळकसाहेबांकडे एक दुभती शेळी होती. दुसऱ्या दिवसापासून ती एस्तेरच्या दारात बांधलेली दिसू लागली. मी मुद्दाम विचारलं, "कुणाची गं शेळी?"

एस्तेर म्हणाली, "देवाची. आमी फकस्त सांभाळतो."