पुरुषांचा खुराक

सौ. शालिनीताई संभाजीराव भापकर. वय अठ्ठावन्न. राहणार नया बाजार, लश्कर, ग्वाल्हेर. व्यवसाय गृहिणी, उत्पन्न निरंक. ओळखखूण: उजव्या मनगटावर मोडून जुळलेल्या हाडाचा उंचवटा. सदर महिला सर्वस्वी पतीवर अवलंबून आहे.

पती संभाजीराव दीड वर्षापासून पलंगावर. पक्षाघातानं डावी बाजू गेली, जीभ शाबूत राहिली. सकाळी पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी परत, एवढाच प्रवास उरला होता. एप्रिलमध्ये त्या प्रवासात दोघं घसरून खाली बसली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच बसून राहिली. शालिनीताईंचं मनगट गेलं ते तेव्हाच. "वाईट नाही," संभाजीराव म्हणाले, "पंखा इथं जास्त लागतो."

मुलगा दिग्विजयसिंह गुरुग्रामला. त्याचा फोन आला. "आई, तुझ्याच्यानं नाही होणार. इंदूरला एक केअर होम आहे, बाबांना वहीं रख देते हैं. दिवाळीला येतो तेव्हा बघू." त्या दिवशी संभाजीरावांनी ताट तसंच परत पाठवलं. त्यांच्या बाबतीत हे लक्षण चांगलं नव्हतं.

डॉक्टरांनी शालिनीताईंना सांगितलं: हाडं ठिसूळ, स्नायू त्याहून वाईट, मनगट जुळलं की वजनं उचला, प्रथिनं खा. म्हणून त्या पाटणकर बाजारातल्या एका जिममध्ये जाऊ लागल्या. खाली भांड्यांचं दुकान, वर जिम. तिथला मोहित पाठ सरळ ठेवून लोखंडी दांडा उचलायला शिकवायचा. खाणंही त्यानंच ठरवून दिलं: अंडी, पनीर, घट्ट वरण, आणि दुधात एक चमचा चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर. "काकू, पावडर जादू नाही हं. दूधच आहे, नखरे करणारं. जेवणातून भागलं तर घेऊच नका. तुमचं भागत नाहीये."

इथं आईसाहेबांचा प्रश्न येतो. सासूबाई सुलोचनाबाई, घरात आईसाहेब, अकरा वर्षांपूर्वी वारल्या. तसा दाखला नगर निगमनं दिला; स्वयंपाकघरापर्यंत तो पोहोचला नसावा. भापकर मूळचे घोडदळातले. शेवटची लढाई पाच पिढ्यांमागे झाली, पण पुरुषांचा खुराक चालू राहिला: आटवलेलं दूध, भिजवलेले बदाम, तूप. पुरुष पुढे तारघरात आणि बँकेत लढले. बायकांनी खुराक करायचा आणि पातेलं घासायचं.

शालिनीताई ग्लास ओठाला लावायच्या आणि मागे उंबऱ्याशी पाटल्या वाजायच्या. मिशेरीचा वास यायचा. मग तोच दबका आवाज: "पुरुषांचं झालं का?"

शालिनीताई कधी ओरडल्या नाहीत. ग्लास घेऊन पलंगाकडे जायच्या. पुरुषाला नुसती पावडर कशी द्यायची, म्हणून वर केळं आणि बदाम.

पावसाळा सरला. शालिनीताईंचा दांडा जिथं होता तिथंच राहिला. संभाजीरावांना दुसरी हनुवटी फुटली.

"काकू, सच बताना," मोहित म्हणाला, "पावडरचा शेक रोज घेता ना?"

"घरात घेतात."

"कोण घेतात?"

त्यांनी सांगितलं. मोहित दांड्यावरच टेकला. "म्हणजे तुम्ही काकांना रोज जड करताय. आणि उचलायचं तुम्हालाच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्लास भरला आणि पाटल्या वाजल्या. या वेळी त्या मागे वळल्या. उंबऱ्यावर कोणी नव्हतं, वास होता. आणि त्यांना आठवलं: खुराक वाढून झाला की आईसाहेब रिकाम्या पातेल्यात पाणी घालून विसळायच्या आणि ते पाणी भिंतीकडे तोंड करून प्यायच्या. शेवटच्या वर्षांत त्यांची पाठ इतकी वाकली होती, की देवघरातले देव त्यांना मान न झुकवता दिसत.

"आईसाहेब," शालिनीताई उंबऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला मिळालं होतं का कधी?"



त्यांनी दुसरा ग्लास केला. देवघरात आईसाहेबांचा चांदीचा टाक आहे, त्याच्यापुढे ठेवला. स्वतःचा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या संपवला. परत येऊन पाहिलं तर तिथलं दूध दोन बोटं खाली गेलं होतं.

मोहितला विचारलं तर म्हणाला, फेस बसतो, काकू. फेस बसल्यावर ग्लासाच्या काठाला मिशेरीचा काळा डाग कसा पडतो, हे त्यांनी विचारलं नाही. ग्लास राखेनं घासला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. आता रोज दोन भरतात. पाटल्या अजूनही वाजतात, पण देवघराच्या बाजूनं.

"माझं चॉकलेटचं बंद का झालं?" संभाजीरावांनी विचारलं.

"तुमचं झालं," शालिनीताई म्हणाल्या.

दिवाळीला दिग्विजयसिंह आला, चार दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. संभाजीरावांचं वजन चौऱ्याऐंशी किलो आहे. सकाळी त्यांना खुर्चीत शालिनीताई बसवतात.